श्वासावाटे येणारी ॲलर्जी आणि तिची तपासणी
(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत व्यवस्थापकांनी केलेले भाषण)



दरवर्षी या सभेत जमाखर्चाचे वाचन करण्याचे काम माझ्याकडे असते. यंदाचा ताळेबंद आपणा सर्वांच्या हाती छापील स्वरूपात दिलेला आहे, त्यामुळे तो संपूर्ण वाचून दाखवीत नाही. त्यातील एकाच ओळीकडे आपले लक्ष वेधण्याची परवानगी मी अध्यक्षमहोदयांकडून घेतली आहे. ‘इतर उत्पन्न’ या शीर्षाखाली ‘बाह्य प्रयोगशाळा – सेवाहिस्सा’ अशी नोंद आपणास दिसेल. रक्कम मोठी नाही. परंतु ती कोठून आली आणि पुढील वर्षी ती का नसावी, हे सभेला सांगणे मी माझे कर्तव्य समजतो.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे, वैद्यकाचा नाही. या भाषणातील वैद्यकीय भाग आपल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी वाचून तपासून दिला आहे. जमाखर्चाची बाजू मात्र सर्वस्वी माझी, आणि चूकही माझीच.

काही वर्षांपूर्वी एका खासगी प्रयोगशाळेचे प्रतिनिधी कार्यालयात आले होते. रक्ताचा एकच नमुना घ्यायचा, तो शहरात पाठवायचा, आणि शंभराहून अधिक पदार्थांच्या ॲलर्जीचा अहवाल रुग्णाच्या हाती द्यायचा, अशी त्यांची योजना होती. यंत्र नको, तंत्रज्ञ नको, गुंतवणूक नको. आपण केवळ नमुना काढून द्यायचा आणि प्रत्येक नमुन्यामागे ठराविक हिस्सा रुग्णालयास मिळणार. पडीक जागेचे भाडे यावे तसे हे उत्पन्न मला वाटले. विश्वस्त मंडळापुढे तो प्रस्ताव मीच ठेवला आणि करारावर सहीही माझीच आहे.

गेल्या दसऱ्याच्या सुमारास बाह्यरुग्ण विभागात एक गृहस्थ आले. वय चाळिशीच्या आसपास. हंगामात मळणीयंत्रावर मजुरी करणारे. आपला जिल्हा सोयाबीनचा. काढणी झाली की शेतोशेती सुड्या लागतात आणि मग पंधरा-वीस दिवस थ्रेशर रात्रंदिवस फिरत राहते. या गृहस्थांना दर वर्षी नेमका त्याच दिवसांत दम लागत असे. आदल्या वर्षी आपल्याच खिडकीवर त्यांनी तो मोठा रक्ततपास करून घेतला होता. त्यासाठी जवळजवळ आठवड्याची मजुरी खर्ची पडली होती. अहवालात जाड ठशात तुरीची डाळ होती, दूध होते, वांगे होते, केळे होते. कोणी नीट वाचून सांगितले नाही. त्यांनी आपल्या परीने अर्थ लावला आणि हे सर्व पदार्थ वर्षभर वर्ज्य केले. गरिबाच्या ताटातून वरण आणि दूध गेल्यावर काय उरते, हे मी सांगावयास नको. वजन घटले होते. दम जसाच्या तसा होता.

ते केसपेपरच्या खिडकीपाशी मला म्हणाले, “सायेब, वरन बंद केलं, दूध बंद केलं, पन दम काई बंद झाला नाही.”

त्या अहवालात थ्रेशरच्या धुळीचा उल्लेखच नव्हता. शंभराहून अधिक ओळींत तो माणूस ज्या ठिकाणी रोज दहा तास उभा राहतो, ती जागा कोठेही नव्हती.

त्या दिवसापासून मी या विषयाची माहिती घेण्यास सुरुवात केली. ॲलर्जी हा शब्द १९०६ साली व्हिएन्ना येथील क्लेमेन्स फॉन पिर्के या बालरोगतज्ज्ञाने प्रथम योजला. मराठी परिभाषेत तिला अधिहर्षता म्हणतात, परंतु तो शब्द आपल्या एकाही रुग्णाने उच्चारल्याचे मला आठवत नाही. शरीराचे रक्षण करणारी यंत्रणा एखाद्या निरुपद्रवी परागकणाला किंवा धुळीतील सूक्ष्म किड्याच्या अंशाला शत्रू समजते आणि त्याच्याविरुद्ध आयजीई नावाची प्रतिद्रव्ये तयार करून ठेवते. हे प्रतिद्रव्य १९६६-६७ मध्ये अमेरिकेत इशिझाका दांपत्याने आणि स्वीडनमध्ये योहान्सन व बेनिच यांनी स्वतंत्रपणे शोधून काढले. पुढच्या वेळी तोच पदार्थ नाकात किंवा श्वासनलिकेत शिरला की काही मिनिटांतच शिंका, पाणी, खाज, धाप असा प्रकार सुरू होतो.

तपासणीचा इतिहास त्याहून जुना आहे. चार्ल्स ब्लॅकली नावाच्या इंग्रज डॉक्टरांना स्वतःलाच उन्हाळी सर्दीचा त्रास होता. त्यांनी गवताचे पराग स्वतःच्या हाताच्या ओरखड्यावर लावून पाहिले, तेथे गांधी उठली, आणि १८७३ साली त्यांनी ते निष्कर्ष ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. आजची त्वचा-टोचणी चाचणी मूलतः तीच आहे. हाताच्या आतील बाजूस दोन-दोन सेंटिमीटर अंतरावर खुणा करतात, प्रत्येक खुणेवर एकेका अर्काचा थेंब ठेवतात आणि त्यातून निर्जंतुक सुईचे टोक त्वचेच्या अगदी वरच्या थरात टेकवतात. रक्त येता कामा नये. प्रत्येक थेंबाला वेगळी सुई. सोबत दोन थेंब साक्षीदार म्हणून असतात : एक हिस्टामिनचा, ज्याने गांधी उठलीच पाहिजे, आणि एक साध्या द्रावणाचा, ज्याने उठता कामा नये. पंधरा ते वीस मिनिटांनी पट्टीने मोजावयाचे. साध्या द्रावणापेक्षा ३ मिलिमीटर वा अधिक मोठी गांधी आली तर चाचणी होकारार्थी धरतात.

हे दोन साक्षीदार मला फार आवडले. लेखापरीक्षणात आम्ही हेच करतो. हिस्टामिनच्या थेंबाला गांधी आली नाही, तर उरलेले सर्व नकार निरर्थक ठरतात. आणि तसे घडण्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे रुग्णाने घेतलेली सर्दीची गोळी. सेटिरिझिनसारखी औषधे सुमारे एक आठवडा आधी थांबवावी लागतात. आपल्याकडे पुष्कळांना आपण कोणती गोळी घेतो हे ठाऊकच नसते. किराणा दुकानात मिळणाऱ्या सर्दीच्या पाकिटात आणि खोकल्याच्या औषधातही असे घटक असतात. म्हणून चाचणीला येताना घरातील सर्व औषधे पिशवीत घालून आणावीत, आणि दम्याची नियमित औषधे मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नयेत, अशी सूचना आपल्या डॉक्टरांनी लिहून दिली आहे. दमा उफाळलेला असताना ही चाचणी करीत नाहीत. तसेच गंभीर प्रतिक्रिया क्वचितच येत असली, तरी ॲड्रिनॅलिनचे इंजेक्शन आणि ते देऊ शकणारा डॉक्टर त्याच खोलीत असलाच पाहिजे. खिडकीवरून करावयाचे हे काम नव्हे.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा, जो मला समजावयास वेळ लागला. चाचणी होकारार्थी आली म्हणजे आजार सिद्ध झाला असे नाही. रक्तात प्रतिद्रव्य आहे किंवा त्वचेवर गांधी आली, एवढ्यावरून शरीराने त्या पदार्थाची ‘ओळख’ ठेवली आहे इतकेच कळते. त्या पदार्थाने त्रास होतो की नाही, हे रुग्णाच्या हकिकतीवरून ठरते. त्रास कोणत्या महिन्यात, घरात की शेतात, अंथरूण घडी करताना की कुटार भरताना, हे आधी विचारावयाचे आणि मग त्या संशयापुरतीच चाचणी करावयाची. हकिकत न विचारता शंभर पदार्थ तपासले, तर त्यांतील काही कारणाशिवाय होकार देणारच. दूध निर्वेधपणे पिणाऱ्या माणसाच्या अहवालातही दूध जाड ठशात येऊ शकते. रक्तातील आयजीईची तपासणी वाईट आहे असे नव्हे. त्वचेचा विकार असलेल्यांना किंवा औषधे थांबवता येत नाहीत अशांना ती उपयोगी पडते. परंतु तीही निवडक पदार्थांपुरती. शिवाय बाजारातील काही अहवालांत आयजीई नसून आयजीजी नावाचे दुसरेच प्रतिद्रव्य मोजलेले असते. आपण जे खातो त्याविरुद्ध ते निरोगी माणसातही आढळते, आणि अन्नाच्या ॲलर्जीचे निदान त्यावरून करू नये, असे युरोपातील ॲलर्जीतज्ज्ञांच्या अकादमीने २००८ सालीच स्पष्ट केले होते. आपण करार केला तो त्यानंतर. मला तेव्हा हे ठाऊक नव्हते आणि मी कोणास विचारलेही नाही.

सोयाबीनकडे परत येतो, कारण या विषयात आपल्या तालुक्याने लक्ष द्यावे असा एक दाखला आहे. स्पेनमधील बार्सिलोना या बंदराच्या शहरात १९८१ ते १९८७ या काळात दम्याचे २६ उद्रेक झाले. एखाद्या दिवशी अचानक काही तासांत रुग्णालये धापा टाकणाऱ्या माणसांनी भरून जात आणि नंतर सारे शांत होई. आधी शहराच्या प्रदूषित हवेकडे संशयाने पाहिले गेले. डॉ. झोझेप मारिया आन्तो व त्यांच्या सहकाऱ्यांनी उद्रेकांच्या तारखा घेतल्या आणि बंदरात कोणत्या दिवशी कोणता माल उतरला, त्या नोंदींशी त्या ताडून पाहिल्या. बँक जुळवणी पत्रक तयार करावे तसेच हे काम. सोयाबीन उतरवण्याचे दिवस आणि उद्रेकाचे दिवस यांचा मेळ बसला. धान्य साठवण्याच्या एका उंच कोठारावर धूळ अडवणारी गाळणी बसवलेलीच नव्हती. रुग्णांच्या रक्तातही सोयाबीनविरुद्धचे आयजीई सापडले. त्यांचे निष्कर्ष १९८९ साली प्रसिद्ध झाले. कोठाराला गाळणी बसवल्यावर ते उद्रेक थांबले.

पुढील संशोधनात असे दिसून आले की, हा त्रास प्रामुख्याने सोयाबीनच्या दाण्यावरील टरफलातील प्रथिनांमुळे होतो. म्हणजे सोयाबीनचे तेल किंवा वडी खाऊन ज्यांना काहीही होत नाही, त्यांनाही टरफलाच्या धुळीने धाप लागू शकते. आणि खाद्यपदार्थ म्हणून तयार केलेल्या सोयाबीनच्या अर्काने केलेली चाचणी अशा माणसात नकारार्थी येऊ शकते. आपल्या शेतातील धूळ तर त्याहून मिश्र. तीत टरफल आहे, ओल्या सुडीवर वाढलेली बुरशी आहे, माती आहे. यांतील मातीने होणारा ठसका ही ॲलर्जी नव्हेच, ती निव्वळ चिरचिर. आपण सर्वांना एकच नाव देतो : धुळीची ॲलर्जी.

मग त्या गृहस्थांचे निदान कसे झाले? आपल्या डॉक्टरांनी त्यांना प्लास्टिकची एक साधी नळी दिली. तिच्यात जोराने फुंकर मारली की काटा सरकतो आणि श्वासाचा वेग दाखवतो. तिला पीक फ्लो मीटर म्हणतात आणि तिची किंमत काही शे रुपयांच्या आत असते. मुलाच्या जुन्या वहीत त्यांनी सकाळ, दुपार, संध्याकाळ व झोपताना आकडे लिहावयाचे होते. स्वतः त्यांना लिहिता येत नसल्याने आठवीतील मुलीने ते लिहिले. मळणीच्या दिवशी संध्याकाळचा आकडा घसरलेला, पावसामुळे थ्रेशर बंद राहिले त्या दोन दिवशी सावरलेला, पुन्हा काम सुरू होताच घसरलेला. ती वही मी पाहिली आहे. इतकी स्वच्छ खतावणी मी क्वचितच पाहिली असेल.

काम सोडा असे त्यांना सांगणे सोपे होते. पण त्या पंधरा-वीस दिवसांच्या मजुरीवर घराचा पुढील काही महिन्यांचा किराणा अवलंबून असतो. डॉक्टरांनी हंगामाच्या आधीपासूनच घ्यावयाचा प्रतिबंधक फवारा सुरू केला, थ्रेशरच्या मालकांशी बोलून त्यांना कुटार उडते त्या बाजूऐवजी वाऱ्याच्या वरच्या अंगाला काम देण्यास सांगितले, आणि तोंडाला रुमालाऐवजी २०२० पासून सर्वांच्या परिचयाचा झालेला एन-९५ मुखपट्टा बांधण्यास दिला. ‘पंपाची सवय लागते’ हा गैरसमज दूर करण्यास मात्र दोन भेटी खर्ची पडल्या. आणि वरण पुन्हा सुरू करा, हे सांगण्यास एक वाक्य पुरले.

आपल्या भागातील दुसरा शत्रू म्हणजे गाजर गवत. १९५५ साली पुण्यात ते आढळले आणि पुढील वर्षी त्याची शास्त्रीय नोंद प्रसिद्ध झाली. आज धुरा, रस्ता, शाळेचे मैदान असे एकही ठिकाण त्यातून सुटलेले नाही. १९७४ साली डॉ. लोणकर व त्यांच्या परदेशी सहकाऱ्यांनी या गवतामुळे होणाऱ्या त्वचारोगाविषयी शोधनिबंध लिहिला. चेहरा, पापण्या, मान, कोपराचा खळगा असा उघड्या अंगावर हा विकार दिसतो, कारण गवताचे सुकलेले कण वाऱ्याबरोबर येऊन बसतात. त्याची तपासणी निराळी असते. येथे टोचणी उपयोगाची नाही. पाठीवर पट्टी लावून ती ४८ तासांनी काढावयाची, त्वचा पाहावयाची, आणि एक-दोन दिवसांनी पुन्हा पाहावयाची. याच गवताच्या परागकणांनी नाकाची ॲलर्जीही होते आणि तिला मात्र टोचणीची चाचणी लागते. वनस्पती एकच असून दोन विकारांच्या दोन तपासण्या आहेत. रुग्णास हे सांगितले नाही तर तो एका कागदावर दोन्हींची उत्तरे शोधत बसतो. (हे गवत खाणारा मेक्सिकन भुंगा १९८४ साली बेंगळूर येथे सोडण्यात आला. पावसाळ्यात तो चांगले काम करतो. तथापि रुग्णालयाच्या आवारातील गवत आपल्या माळीबुवांनी फुलावर येण्यापूर्वी, हातमोजे घालून उपटावे, एवढे मी त्यांना सांगितले आहे.)

कोणत्या पदार्थांची चाचणी ठेवावी, हा प्रश्न हवेत काय आहे यावरून ठरवावयाचा असतो. याबाबतीत मराठी मुलखाने चांगले काम केलेले आहे. मराठवाडा विद्यापीठातील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक एस. टी. टिळक यांनी १९७० साली हवेतील कण पकडणारे एक यंत्र तयार केल्याचे प्रसिद्ध केले. संथ फिरणाऱ्या नळकांड्यावर चिकट फीत बसवलेली असते, आठ दिवस हवा तिच्यावर आदळत राहते आणि नंतर ती फीत सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. कोणत्या दिवशी कोणती बुरशी, कोणता पराग हवेत होता, याचा दैनिक रोजमेळच तो. टिळक यांचे हवासंग्राहक म्हणून ते यंत्र देशभर वापरले गेले. वाशीमच्या हवेचा असा रोजमेळ आपल्या हाती नाही. म्हणून आपल्या डॉक्टरांनी तूर्त देशातील तज्ज्ञांच्या अनुभवाच्या आधारे एक छोटी यादी केली आहे : घरातील धुळीतील किड्यांचे दोन प्रकार, झुरळ, तीन बुरशी, गाजर गवत, हरळी, वेडी बाभूळ, एरंड. अनुभवानुसार ती पुढे बदलेल.

आता प्रस्ताव. पहिला, सदर प्रयोगशाळेबरोबरचा करार मुदत संपताच नूतनीकरण न करता थांबवावा. त्यामुळे ‘इतर उत्पन्ना’तील ती ओळ पुढील वर्षी कोरी राहील, आणि ती तूट मी अन्य कोणत्या शीर्षातून भरून काढणार, असे कोषाध्यक्षांनी मला आधीच विचारले आहे. भरून निघणार नाही, असे प्रामाणिक उत्तर मी त्यांना दिले आहे.

दुसरा, अकोल्याहून महिन्यातून एकदा येणारे छातीरोगतज्ज्ञ ज्या दिवशी उपस्थित असतील, त्याच दिवशी त्वचा-टोचणी चाचणी ठेवावी. रोज ठेवणे परवडणारे नाही. अर्काच्या बाटल्या २ ते ८ अंश तापमानात ठेवाव्या लागतात, उघडल्यावर त्यांची मुदत मर्यादित असते आणि रुग्ण कमी आले तर माल वाया जातो. वीज गेली की शीतकपाटाचे काय, हा प्रश्न आहेच. त्यासाठी जनित्राची जोडणी आणि दिवसातून दोनदा तापमान लिहिण्याची वही, एवढी व्यवस्था झाली आहे. वही परिचारिका भगिनींकडे राहील. निर्धन व दुर्बल घटकातील रुग्णांच्या चाचणीचा खर्च एकूण बिलाच्या २ टक्क्यांतून उभ्या राहणाऱ्या निर्धन रुग्ण निधीतून करावा.

ॲलर्जीची लस, म्हणजे ज्या पदार्थाचा त्रास होतो त्याचेच वाढते अंश देत राहण्याचा उपचार, १९११ साली लंडनमध्ये लेनर्ड नून यांनी मांडला आणि योग्य रुग्णात तो उपयोगी आहे. तो तीन ते पाच वर्षे चालतो आणि प्रत्येक इंजेक्शननंतर रुग्णास निरीक्षणाखाली ठेवावे लागते. आपल्याकडे तेवढे मनुष्यबळ नाही. तो सुरू करण्याचा माझा प्रस्ताव नाही. देणगीदारांपैकी काहींनी त्याविषयी विचारणा केली होती म्हणून येथे उल्लेख केला.

तिसरा प्रस्ताव खर्चाचा नाही. गेल्या वर्षांत ज्यांनी आपल्या खिडकीवरून तो मोठा रक्ततपास करून घेतला, त्यांची नावे व पत्ते नमुना-नोंदवहीत आहेत. त्या सर्वांना पत्र पाठवून आपापला अहवाल घेऊन एकदा डॉक्टरांकडे विनामूल्य यावे, आणि कोणताही पदार्थ वर्ज्य केला असल्यास तो का केला हे सांगावे, अशी विनंती करावयाची आहे. पत्राचा मसुदा तयार आहे. काहींनी मुलांचे दूध बंद केले असण्याची शक्यता डॉक्टरांनी बोलून दाखवली, म्हणून ही पत्रे सोयाबीनच्या हंगामाची वाट न पाहता याच महिन्यात जावीत असे मला वाटते. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी गावोगावच्या आशा सेविकांची मदत मिळाली तर बरे होईल. त्यांच्यापैकी काही भगिनी आज येथे आल्या आहेत, सभा संपल्यावर त्यांनी कृपया कार्यालयात थांबावे.

तिन्ही प्रस्ताव मी अध्यक्षमहोदयांच्या स्वाधीन करतो.